पट्टी काळी एक

काय सांगू तुमाला, बोर्लीच्या खाली बंदरावर जलम माजा, बाप होडीवर, मी पन होडीवर, पन गाव मला वळखतो तो भजनानं. दामूबुवा, पट्टी काळी एक. आमच्यात असंच बोलतात, पेटीची पयली काळी पट्टी दाबायची आनि तिथं सा धरायचा, वरच्या सप्तकात गेलो की मान्सं टाळ इसरून बघत राह्यची.

माजी सून वैशाली पनवेलची, क्लासात कीबोर्ड शिकलेली, ती काळी एकला सी शार्प बोलते. लई भांडलो आमी. ती बोलायची आबा, सी आपली जागा सोडत न्हाय, मी बोलायचो अगं सा ज्याच्या त्याच्या गळ्यात असतो, तुजा सी काय खुंटीला बांधलाय? सप्तकांना पन नंबर देते, चौथा, पाचवा. आमचं आपलं खालचा, मधला, वरचा. मजले मोजतेस का गं, मी बोलायचो. हसायची नुसती.

मग गळ्याला गाठ आली, कॅन्सरची. मुंबईला रेडिएशनची लाईट देऊन देऊन गळा पार जाळला हो. घरी आल्यावर पयलं भजन, मी बोललो वैशाली, काळी एक दे. तिनं बोट काळीवरच ठेवलं, मी डोळ्यांनी बघितलं, आनि गळा असा मोकळा लागला, वाटलं सुटलो. रडलो हो मी.

गोकुळाष्टमीला ती माहेरी व्हती, म्हनून म्हसळ्याचा पेटीवाला आनला, लाकडी पेटीवाला. काळी एक मागितली आनि पयल्याच ओळीत आवाज फाटला, भरल्या देवळात. तवा कळलं, कीबोर्डाला बटन असतं, ते दाबलं की बोट काळीवर आनि सूर बराच खाली. पखवाजवाल्या हरीनं पन गुपचूप पखवाज उतरवला व्हता, सगळ्यांना म्हाईत, मी तेवढा येडा. ती आल्यावर असा वरडलो तिच्यावर, मला फशिवलंस बोललो. ती बोलली, आबा, तुमी काळी एक सोडली असतीत का?

आता गाठ परत आलीय. डॉक्टर बोलला सोमवारी घशातली आवाजाची पेटीच काढायची, मानेला भोक पाडून श्वास, बोलनं न्हाय, गानं न्हाय. परवा मीच बोललो वैशाली, बटन बंद कर, माजी खरी पट्टी काढ. खाली खाली जात पांढरी पाच लागली, ती पन खालच्या सप्तकातली. रोज तिथंच गातो, जमंल तेवढं. राग येतो हो, देवाचा पन येतो, जलमभर त्याचंच नाव गायलो ना.

असो. देव तुमचा गळा शाबूत ठेवो. परत याल तवा दारातून हाक माराल, ओ न्हाय आली तर माघारी फिरू नका, आत या.