एकटा पॉइंट चार्ज

रायपूर स्टेशनात माझ्या बाजूला एक बाप पुस्तक धरून लेकीचं फिजिक्स घेत होता.

"सारखे चार्ज जवळ आले तर?"

"एकमेकाले ढकलतात. तुम्ही अन् आई."

"उत्तर दे फक्त! एकटाच पॉइंट चार्ज असला तर?"

"त्याच्यावर काहीच जोर नाही. स्वतःच स्वतःले ढकलता येत नाही त्याले."

"पाह्य! तुही आई माहेरी गेली तवापासून मी तसाच. ना कटकट, ना भांडण. आराम!"

"हव?"

"हव!"

"पापा, आईची गाडी आता कुठं गोंदियाले आली. मंग आपण आत्तापासून इथं काहून बसून राहिलो?"

"फोन लाव तिले. इचार, गोंदिया सुटलं का."