दर्भाचा कावळा

बोरीवलीच्या स्मशानामागच्या शेडमध्ये सहदेव दहाव्याच्या विधीसाठी आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. त्याच्यापुढं कुणा इरावतीचं पिंडदान चाललं होतं. भिंतीवर ओळीनं कावळे बसले होते, पण एकही पिंडाकडं उतरत नव्हता.

"ताई, आईला सांभाळीन. शब्द देतो तुला. शिव आता," इरावतीचा भाऊ कावळ्यांकडं बघत विनवत होता.

"केयूर, बहिणीचं मन दुसरीकडे अडकलंय. गेटाशी उभ्या आहेत त्या बाईंना बोलवा," गुरुजी म्हणाले.

"अनुपमाला? ती आमची कोण लागते, गुरुजी?"

"बायको लागते तिची," गेटातून आवाज आला.

"ऐकलंत? अगं, कोर्टानं मानलं नाही ते लग्न. आमच्या धर्मात तर नावच काढू नकोस."

"तेच सांगून आयसीयूच्या बाहेर ठेवलंस मला. आता इथं तरी येऊ दे रे."

"बाई, मैत्रीण म्हणून या. मित्रालाही तीळपाणी देता येतं."

"हां, मैत्रीण म्हण आणि ये. माझी ना नाही."

"सोसायटीत इतकी वर्षं मैत्रीणच म्हणत आलो. आज ती ऐकतेय. आज खोटं कसं बोलू?"

"मग राहा तिथंच. गुरुजी, दर्भाचा कावळा करा. तो नखरे करत नाही."

गुरुजींनी गवताचा कावळा वळून पिंडाला टेकवला.

"झालं ना?"

"विधी झाला."

"मग हे कावळे उडत का नाहीत? सगळे तिच्याकडेच का बघतायत?"

"निघा आता. मागं वळून बघायचं नाही."

"गुरुजी..." गेटाशी उभ्या अनुपमाकडं बघत केयूरनं विचारलं, "बाहेर जायला दुसरं गेट आहे का?"