ऐंशी गणपती बिनडोळ्यांचे

...चार दिवस घरात ‘गप्प बसा, गप्प बसा’, आणि आता सगळे मिळून म्हणता, कान्हूदादा, सांगा ना! का सांगू? तुम्हाला दात काढायला? बायकांच्या पाळीची गोष्ट म्हाताऱ्यानं सांगायची, माझं वय काय, विषय काय! बरं, गल्लीच्या कार्यक्रमात माईक हातात कोंबलाच हाय तर ऐका, मधे उठायचं नाय. पण आधीच सांगतो, माझा काय एक दोष नव्हता. मी गप्प होतो.

आमचा हमरापूरला गणपतीचा कारखाना. कारखाना कसला, पत्र्याची शेड. त्यात डोळ्यांची आखणी करते आमची सून अपेक्षा. तुम्हाला सांगतो, तिनं बुबूळ टेकवलं की मूर्ती तुमच्याकडं बघून विचारते, काय रे कान्हू, जेवलास? तिचा नवरा, म्हंजे आमचा धनेश, नागोठण्याला कंपनीत शिफ्ट करतो, त्याच्या हातात तो ब्रश दिला तर देव तिरळा! तर रोह्याच्या ऐंशी मूर्ती, शनवारी टेम्पो येणार, नाय दिल्या तर पुढच्या वर्षी रोहेकर आमच्या दारात पाय ठेवणार नाय... आणि सोमवारी पोरीचं पोट फुगलं, कंबर धरली, छाती जड झाली. हे मला बायकोनं सांगितलं हां, मी विचारायला गेलो नव्हतो! वरून चिडचिड अशी, मी नुसतं ‘चहा?’ म्हटलं तर म्हणते, ‘मी काय हॉटेल टाकलंय?’ मी गप्प.

माझी बायको इंदुबाई, तिनं लगेच ओळखलं. ‘गो अपेक्षा, आज-उद्या पाळी येणार तुझी. ऊठ डोळ्यांवरनं!’ आमच्याकडं तसं हाय, त्या दिवसांत बाई डोळे काढत नाय.

‘नाय येणार, आई!’

‘तुला काय पोस्टानं कळवलंय? एक डोळा काढलास आणि मधेच आली तर? एका डोळ्याचा देव देऊ काय रोहेकरांना?’

घेतला ब्रश काढून. पोर बसली उंदीर रंगवत. सोमवार गेला, मंगळवार गेला, लक्षणं सगळी जागच्या जागी, पाळीचा पत्ता नाय! आणि ऐंशी गणपती बिनडोळ्यांचे, रांगेत... मी पाठ करून जेवायचो, काय करू?

मग शेजारची चंद्रावती आली. ‘दिवस गेलेत गो इंदे, बर्फी काढ!’ किट आणलं. एकच रेघ. बर्फी रद्द. पुतळीमावशी म्हणाली, नजर लागली. धनेश फोनवरनं म्हणाला, टेन्शन असेल. झालं! टेन्शन म्हटल्याबरोबर इंदुबाई गल्लीच्या मधोमध उभी राहून, ‘टेन्शन ह्यांचं! ह्यांच्या तोंडाच्या पट्ट्यानं पोरीची पाळी अडली!’ माझ्या? अहो, जन्मभर मी खारबांधावरची उघाडी, म्हंजे खाडीच्या पाण्याचं दार, सांभाळली, ते पाडून भरतीचं पाणी अडवलं, पण हे अडवायची ताकद माझ्या तोंडात? भर गल्लीत! वर हुकूम, पोरीची पाळी येईतोवर तोंड उघडायचं नाय. तुम्हाला सांगतो, मी गप्प होतो.

बुधवारी पेणला डॉक्टरीणबाईंकडं. सोबत कोण? धनेशला शिफ्ट, इंदुबाईला रंगाऱ्यांवर नजर... म्हातारा रिकामा! पोरीला गरगरत होतं, म्हणून हात धरून आत गेलो. बाई विचारतात, ‘झोप?’ चार तास. ‘जेवण?’ उभ्यानं. मग म्हणाल्या, ‘कधीकधी त्या महिन्यात बीजच सुटत नाही, तरी अंग सगळी सोंगं करतं. कधी थायरॉइड, कधी बीजकोशाची तक्रार, कधी नुसती दगदग, जागरण, उतरलेलं वजन...’

मला राहवेना. ‘सासऱ्याच्या बडबडीनं अडते काय?’

‘छे हो आजोबा!’

म्हटलं, लिहून द्या, शिक्क्यासकट!

हसल्या. पोरीला विचारलं, ‘गोळ्या कुठल्या चालू?’ अपेक्षा खाली बघून म्हणते, ‘कुठल्या नाय.’ नाय कशा? महिन्यात दोन खेपा केल्यात मी नावेदच्या मेडिकलला! ‘बाबा, डोकेदुखीची आणा, हे रिकामं पाकीट दाखवा.’ मला वाचता येत नाय, दाखवता तर येतं! पाकीट खिशातच होतं, ठेवलं टेबलावर. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. ‘अगं, ह्या तर पाळी लांबवायच्या गोळ्या!’

पोर लागली रडायला. आखणीत खंड नको, शनवारच्या मूर्ती रखडू नयेत, म्हणून आपल्याच मनानं, कोणाला न विचारता, तीन आठवडे! आणि त्या गोळ्यांनीच पोट फुगलं, छाती भरली, टाळकं फिरलं, आणि ते बघून सासूनं तिला आखणीवरनं उठवलं! म्हंजे बघा, एकीनं उघाडीचं दार पाडलं, दुसरी बांधावर बसून म्हणते, पाणी कधी येतंय? आणि शिव्या कोणाला? बाई म्हणाल्या, ‘आता बंद. दोन-चार दिवसांत येईल. नाही आली तर या, तपासण्या करू.’

घरी येऊन सांगितलं. इंदुबाई गप्प! लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा. मग ब्रश आणून पोरीच्या हातात दिला, ‘येत नाय तवर काढ.’ बुधवारची रात गेली, गुरुवार गेला, शुक्रवारी दुपारी एकसष्टावी मूर्ती, उजवा डोळा झालेला, डावा कोरा... आणि अपेक्षानं ब्रश खाली ठेवला.

‘आई... आली.’

गणपती एका डोळ्यानं इंदुबाईकडं बघतोय, इंदुबाई दोन डोळ्यांनी गणपतीकडं. माझ्या ओठांवर आलं होतं, अगो, प्राणप्रतिष्ठा होईतोवर ती मातीच ना? पण मी गप्प. इंदुबाई उठली, गरम पाण्याची पिशवी आणली, पोरीच्या कमरेमागं ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, ‘बघत काय बसलीस गो? दुसरा डोळा काढ त्याचा. आणि पुढचे एकोणीस पण.’

शनवारी टेम्पो गेला, ऐंशीच्या ऐंशी डोळस! त्याआधी इंदुबाईनं अपेक्षाची माफी मागितली. चंद्रावतीला बर्फी दिली, कशाची ते तिलाच ठाऊक. एकेका मूर्तीसमोर कान धरले. मी मुद्दाम ऐंशीव्या मूर्तीच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, रांगेतच! म्हटलं, आता एक्क्याऐंशीवा मीच. तर मला म्हणते, ‘सरका, टेम्पोला वाट द्या.’

भर गल्लीत बोलली, तर माफी पण भर गल्लीतच पाहिजे. पण घरात भात तीच वाढते, म्हणून मी गप्प हाय. माफी मागायची कोणाची राहिलीय, नाव घ्या म्हणता? ती काय, पहिल्या रांगेत बसलीय, तोंडाला पदर लावून हसतेय...

इंदुबाई कान्हू म्हात्रे.