गळ्यातलं गुऱ्हाळ

ऊठ गं टवळे, न्हाईतर गाडी जुंपून पलूसला तुझ्या बापाच्या दारात टाकते आन् पोराला दुसरी बायकू करते! लढाईवरनं सुटून उंब्रजच्या घरात पाय ठेवला तवा आमची आई अशी वराडत हुती. काय सांगू तुमाला, तोफा ऐकून आलेला मानूस मी, तरी दचकलो. आमचं घरानंच मोठ्या आवाजाचं, आज्यानं म्हैस हाकलली तर कराडला दोन्ही नद्या थांबायच्या.

बायकू सोना भर वैशाखात घोंगडं पांघरून चुलीम्होरं बसल्याली. मी पलटणीत गेलो तवा हिच्या चालन्याच्या वाऱ्यानं कोंबड्या उडायच्या, आन् आता तोंड सुजल्यालं, केस गळल्यालं, आवाज घोगरा, हाक मारली तर माझी विडी संपल्यावर व्हय यायचं. आई म्हनं, आळस, दुसरं काय.

मिरजंला डाक्टरकडं नेली. त्यांनी गळा चाचपला, म्हनले, हवालदार, हितं समद्यांला एक गाठ असती, ते गुऱ्हाळ समजा. मीठपान्यातनं आयोडीन येतं त्यो ऊस, गाठ त्येचा रस करती, रस रगतातनं अंगभर फिरतो, तवा ऊब ऱ्हाती, काळीज नेमानं पळतं, डोकं चालतं. मेंदूच्या बुडाला मुकादम बसलाय, रस कमी पडला की वराडतो, पुरला की गप. हिचं गुऱ्हाळच मोडलंय, मुकादम नुस्ता बोंबलतोय. म्या म्हनलं, सायेब, त्या मुकादमाला वळकतो मी, आमच्याच घरात जेवतो. सोना हसली, पर गाडी कराडला आल्यावर.

म्या डाक्टरास्नी इचारलं हुतं, टिंचर पाजू का, त्यातबी आयोडीन असतंय. ते म्हनले, चरक मोडल्यावर ऊस घालून काय रस निघतोय व्हय? औशिद म्हंजे मेंढराच्या त्याच गाठीची वाळवल्याली पूड, गोळी करून, जलमभर घ्यायची.

झालं! सोना माळकरीन, ल्हानपनापासनं गळ्यात तुळशीची माळ, आईच्याबी तशीच. शेजारी मटान शिजलं तर दोघी आंघूळ करायच्या. आई पुन्यांदा सुरू, माळ घालून मेंढरू गिळतीस व्हय गं? सोनानं सावकाश माळ काढली, देवाम्होरच्या खुंटीला अडकवली आन् गोळी गिळली.

पावसाळा सरता सरता घोंगडं सुटलं. आता कोंबड्या तिला बघून आधीच लपत्यात, पलूसच्या गाडीचं नाव कोन काढत न्हाई. माळ मातर खुंटीलाच.

परवा आई वराडली, बरी झालीस नव्हं, मग सोड त्या गोळ्या, घाल माळ!

सोना भाकरी थापत हुती. म्हनली, आत्याबाई, गुऱ्हाळ अजून बंदच हाय.