हजेरीचा कागद

पहिल्या नावाला कुणी "हजर" म्हटलंच नाही. हुतात्म्यांच्या स्मरणार्थ कळंबला दरवर्षी फेरी निघते. निघण्याआधी हजेरी घेतात ते आमचे अण्णा, माजी सैनिक संघटनेचे सचिव. यंदा त्यांचा घसा बसला आणि माइक माझ्या हातात आला. "नुसती नावं वाचायची, त्यात काय भ्यायचं?" म्हणाले.

मला वाटलं, माइक बंद आहे. टकटक केलं तर कर्णा असा किंचाळला की मीच दचकले. दुसरं नाव घेतलं, "हवालदार भीमराव!" कुणी ओ देईना. उलट समोरचे सगळे म्हातारे, कुणी काठीवर, कुणी गुडघ्याला पट्टा बांधलेले, एकदम सावधानमध्ये ताठ झाले.

मग कागदाच्या मथळ्यावर नजर गेली. 'हुतात्मे.' फेरीच्या शेवटी स्मारकापुढं वाचायची यादी मी हजेरीला वाचत होते! आणि भीमरावांच्या पत्नी, सखूकाकू, पहिल्याच रांगेत उभ्या.

"काकू, माफ करा, चुकून..." माझं रडं माइकवरून सगळ्या चौकाला ऐकू गेलं.

काकूंनी पदर सारखा केला. "रडतीस कशाला गं? लई वर्सांनी कुणीतरी त्यांची हजेरी घेतली. घे पुन्हा नाव, मोठ्यानं."

मी कशीबशी हाक मारली, "हवालदार भीमराव!"

काकूंनी टाचा जुळवल्या.

"हजर!"