माळ्याच्या फळ्या करकरतात त्याची गोष्ट

...आणि मिस्त्री म्हणतो, "भैया, पूरा माला उखाड़ना पड़ेगा." तुम्हाला सांगतो, बोईसरहून रिक्षा करून आणलेला माणूस, दोन उड्या मारल्या न् निकाल दिला. उखडायला काय मासळीचं खवलं आहे? सातपाटीत जुनी होडी मोडली तेव्हा मेहुलदादानं तिच्या फळ्या खांद्यावरून आणून स्वतः ठोकलेला माळा तो. म्हटलं, खिळ्याला हात लावू नकोस, चहा पी न् जा.

पण फळी करकरते. फळीच ती, तिला अक्कल किती असणार? गणपतीनंतर दादा तापानं गेला, आता वर मी झोपतो. सकाळी पाय टाकला की करकर, न् खालून गॅसपाशी आई, "मेहुल, उठलास का रं? चाय टाकू?" ...आणि एकदम गप्प. ते गप्प होणं कधी ऐकलंय तुम्ही? नका ऐकू.

मग मीच ठरवलं, फळ्या होडीच्या तर इलाजही होडीचा. होडी किनाऱ्यावर सुकली की फळ्या आकसतात, पाणी प्यायल्या की फुगून घट्ट बसतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. लावला पाईप, सोडलं पाणी. पी म्हटलं, पोटभर पी. फळीच ती, तिला अक्कल किती असणार, सगळं पाणी खाली सोडून दिलं!

खाली आई सुके बोंबील निवडत बसलेली, धार थेट डोक्यावर. शेजारची चंद्रकांताकाकू छत्री उघडून आली, हो, घरात, न् म्हणते, "दर्पण, होडी पान्यात घालतात रं बाबा. पानी होडीत नाय घालत."

आणि आई हसली. मांडीवर भिजके बोंबील घेऊन, दादा गेल्यापासून पहिल्यांदा. मग रडली. मग मला ओला पंचा फेकून मारला.

पण फळ्या फुगल्या हो! सकाळी अख्खा माळा फिरलो, हूं की चूं नाही. ऐटीत खाली उतरलो तर आई दचकली, "कदी उठलास? कळलाच नाय मला."

तेव्हापासून वर जरा टेकलो की खालून सुरू. "दर्पण, हायस ना रं वर?" हाय, आई. "दर्पण, झोपलास का?" नाय, आई. डोळा लागतो न लागतो तोच, "दर्पण..."

फळीला निदान पाय पडेपर्यंत गप्प राहता येत होतं. मला तेवढीही सवड नाही.