पासिंगपुरते पट्टे

(हुमनाबाद. भर दुपारी शाळेच्या बसचा ड्रायवर राजपाल रेणुकाच्या दारात उभा आहे.)

राजपाल : बसत न्हाई अक्का. सही केली मी, एवढंच सांगायला आलोय.

रेणुका : कसली सही?

राजपाल : शाळेच्या कागदावर. गाडीत सीटला पट्टे व्हते, तुमच्या विजूनं तिचा पट्टा आपल्या हातानं सोडला, म्हणून ब्रेक मारल्यावर ती पुढं फेकली गेली. असं लिहिलंय त्यात.

रेणुका : पट्टे व्हते?

राजपाल : न्हवते. आरटीओत पासिंगच्या दिवशी तेवढे व्हते. आता पट्ट्याबिगर शाळेची गाडी पासच व्हईना. आमच्या गाड्या तीन, अन् पट्टे एकाच गाडीपुरते. एक पास झाली की काढायचे अन् दुसरीला लावायचे. पाना घेऊन मीच बसायचो.

रेणुका : ठाव हाय मला. पासिंगच्या दिवशी विजू नाचत घरी आली व्हती. मम्मी, आमच्या गाडीला पट्टे आलेत, सकाळी ड्रायवरमामानं मला बांधून दिला. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आली. पट्टे गेले म्हणली.

राजपाल : मला बी इचारलं तिनं. धुवायला टाकलेत म्हणलो.

रेणुका : अन् मी म्हणलं, गप बस, मामाला पुन्हा इचारू नको, त्यांची नौकरी जाईल. शाळेत जाऊन भांडायचं सोडून लेकराचंच तोंड दाबलं मी, अण्णा.

राजपाल : ढाब्याम्होरं लॉरी एकदम थांबली. मी ब्रेक मारला, अन् आरशात...

रेणुका : नका सांगू. उद्या पोलीस येणार हायेत जबाब घ्यायला. सही माघारी घ्या.

राजपाल : घेतली तर मीच आत जातो. पट्टे काढले मी, गाडी चालवली मी. संस्थेचा कुणी माणूस तिथं न्हवता. घरी म्हातारी हाय, दोन लेकरं हायेत. भेकड हाय मी अक्का.

रेणुका : तुमच्यावर वरडायला बी जोर ऱ्हायला न्हाई माज्यात. कंबरेखाली तिला काईच कळंना. मुंगी चावली तरी कळंना.

राजपाल : ती खरं सांगंल की. तिला ठाव हाय पट्टे न्हवते.

रेणुका : सांगत व्हती. पंधरा दिवस सगळ्यांना सांगितलं. मग हेडबाई आल्या सफरचंदं घेऊन. जवळ बसून गोड बोलल्या. बाळ, तूच पट्टा सोडला होतास ना, आठवून बघ, कुणी रागावणार नाही. तवापासनं रोज इचारायलीय, मम्मी, मीच सोडला असंल का?

राजपाल : तुमी सांगितलं न्हाई का तिला?

रेणुका : सांगते की. तर म्हणती, मग हेडबाई खोटं बोलतील का? दवाखान्यातनं चाकाची खुर्ची दिलीय, तिला पट्टा हाय. घसरू नये म्हणून. झोपवताना सोडाय गेलं की माजे हात धरती, रडती.

राजपाल : जातो मी, अक्का.

रेणुका : थांबा. पोलिसाला नका सांगू, तुमची लेकरं हायेत. पण तिला सांगा. एवढं एकच. तुमच्या तोंडानं सांगितलं तर पटंल तिला.

विजयश्री : (आतून) मम्मी, मामा आलेत का?

रेणुका : व्हय बाळा. आलेत. जा अण्णा, आत जा.

विजयश्री : मामा, रागावलात माज्यावर?

राजपाल : न्हाई गं. कामून रागवू? विजू, त्या दिवशी गाडीला... त्या दिवशी तू...

रेणुका : सांगा अण्णा.

राजपाल : लई शहाणी हायेस तू.

विजयश्री : शाळेत सांगा मामा, मी आता पट्टा सोडत न्हाई. मम्मीला धुवायला बी देत न्हाई.